जवळ्याची हजेरी

आमच्या सरांना बोट लागायची. कुणाला एसटी लागते, माझ्या बापाला जत्रेतला आकाशपाळणा नुसता बघून लागतो, पण सरांचं प्रकरण त्याच्या पुढचं. बंदराला दोराने बांधून ठेवलेली होडीसुद्धा त्यांना लागायची. तरुणपणी म्हणे संशोधनाच्या जहाजावर त्यांची निवड झाली होती. पहिल्या दिवशी सकाळी चढले आणि उतरेपर्यंत कठड्याला धरून ओकत राहिले. "बाकीच्यांनी अरबी समुद्रातून नमुने काढले, मी समुद्राला दिले," असं ते भर वर्गात, मुलींसमोर, छाती काढून सांगायचे. जहाजावरून उतरले ते समुद्राकडे पाठ करून निघाले आणि शहापूरला, आमच्या कॉलेजात येऊन थांबले. प्राणिशास्त्र शिकवायला. आणि विषय कोणता, तर समुद्रातले प्लवक.

प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे जीव. बहुतेक इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत, आणि पाणी नेईल तिकडे जातात, प्रवाह कापायची ताकद नाही. आमच्या वर्गातल्या बावीस पोरापोरींपैकी नऊ जणांनी तेव्हा समुद्रच पाहिला नव्हता. मी त्या नवांतली. ओकणारा माणूस, समुद्र न पाहिलेल्यांना समुद्र शिकवणार, असं ते लग्न जुळलं होतं.

पहिल्या तासाला सरांनी विचारलं, "इथे पोहत कोण आलंय आणि वाहत कोण आलंय?"

कुणाला काही कळेना. मागचा एक पोरगा म्हणाला, "सर, बाकी कुठं ॲडमिशनच नाय भेटली."

"म्हणजे वाहत आलास. छान. बस."

मी उभी राहिले. "मी पोहत आले सर. मुरबाडच्या पुढून. दोन एसट्या बदलून. घरात माझ्याआधी दहावीच्या वर कोणी गेलं नाय."

"मग तू प्लवक नाहीस," सर म्हणाले. "पण त्याला हसू नकोस. जगातल्या सगळ्या माशांचं पोट वाहत आलेलेच भरतात."

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी कुणी विचारलं नसलं तरी सांगते, त्यामुळे इथेही सांगून टाकलं.

सरांचा अवतार काही विचारू नका. काडीसारखा माणूस, पँट सुतळीने बांधलेली, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी चहाची गाळणी. जिथे पाणी दिसेल तिथे गाळायचं. सापगावला भाड्याच्या खोलीत राहायचे, तिथल्या विहिरीचं पाणी रोज गाळून त्यात काय निघालं ते घरमालकिणीला ऐकवायचे. बिचारी पुढे पुढे त्यांना बघून हंडा झाकायला लागली. लग्नाच्या पंगतीत ग्लास उजेडाकडे धरायचे आणि शेजाऱ्याला सांगायचे, "एक सायक्लॉप्स आहे, पाण्यातला बारीक जीव. प्या, पोषक असतो." सरांच्या शेजारचं पान कायम रिकामं.

फळ्यावर जगाचा नकाशा काढायचे, पण त्यात देश नसायचे. नुसतं पाणी. प्रवाहांचे बाण, गार कुठे, ऊन कुठे. जमिनीच्या जागी कोरा फळा. "सर, भारत कुठाय?" असं विचारलं की म्हणायचे, "पाण्याला जिथे अडचण आली आहे, तिथे कुठेतरी." शिकवता शिकवता मधेच थांबायचे, समोरच्याच्या नाकाकडे बोट दाखवायचे आणि विचारायचे, "आत्ता घेतलास तो श्वास कुणाचा?" उत्तर ठरलेलं, आमचं पाठ होतं: एक झाडांचा, एक समुद्राचा. निम्मा प्राणवायू प्लवकांचा, म्हणून. पोरं कॅन्टीनमध्ये वडा खाताना एकमेकांना विचारायची, "हा घास कुणाचा रे?" आणि पैसे दुसऱ्यावर ढकलायची.

पण खरं सांगते, शिकवायचे ते असं की पुस्तक उघडावं लागायचं नाही. प्लवक सगळ्या समुद्रात सारखे पसरलेले नसतात, हे आम्हाला कसं सांगितलं? म्हणाले, "उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावर जा. एकाच आडनावाची चाळीस घरं. ते गार समुद्र. जाती थोड्या, पण एकेकीची दाटी प्रचंड. आता शहापूरच्या नव्या बिल्डिंगीत जा. प्रत्येक दारावर वेगळी पाटी, एकाचं दुसऱ्याशी नातं नाही. तो आपला उष्ण समुद्र. जाती ढीगभर, पण एकेकीची दोन-दोन बिऱ्हाडं." परीक्षेत मी हेच लिहिलं, पाटीसकट.

आणि समुद्र तापतोय म्हणजे काय होतं? "तुमच्या घरी भात लावायच्या आधी काय करतात?"

"चिखलणी," मी म्हटलं.

"का?"

"खालचं वर येतं. खत मिसळतं."

"वारा समुद्राची चिखलणी करतो. खालचं खत वर येतं, त्यावर प्लवक पोसतात. पण वरचं पाणी फार तापलं की ते सायीसारखं वर बसून राहतं. हलत नाही. खत खाली, उपाशी वर. मग कोण खंगतं, कोण बिऱ्हाड उचलून गार पाण्याकडे निघतं. आपल्या बाजूला म्हणजे उत्तरेकडे."

एकदा आम्हाला जाळं कसं ओढतात ते दाखवायला भातसानगरला घेऊन गेले. खरं प्लवकजाळं महाग, म्हणून शहापूरच्या टेलरकडून एका गुलाबी ओढणीचं, खाली निमुळतं होत जाणारं जाळं शिवून घेतलेलं. ते धरणाच्या कडेने पाण्यात सोडलं मात्र, रखवालदार शिट्टी फुंकत धावत आला.

"ए! काय टाकताय पान्यात? मुंबई पिते हे पानी!"

"टाकत नाही," सर म्हणाले, "काढतोय."

"काय काढताय?"

सरांनी जाळ्याच्या टोकाची बाटली त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "हे. हे सगळं मुंबई पिते."

त्याने बाटलीत वळवळणारं बघितलं, सरांकडे बघितलं, ओढणीकडे बघितलं. आम्हा मुलींना एकेक करून विचारलं, ओढणी कुणाची? परवानगीचा कागद आणल्याशिवाय पुन्हा यायचं नाही, या बोलीवर आम्हाला सोडलं. तो सरांना मात्र पुढे बाजारात भेटला की बाजूला घेऊन हळूच विचारायचा, "मास्तर, मी तेच पानी पितो. चालंल ना?"

आता जवळ्याकडे येते.

जवळा म्हणजे पेराएवढी, काचेसारखी कोळंबी. समुद्रात प्रवाहाबरोबर थव्याने वाहते, म्हणजे प्लवकच, फक्त डोळ्यांना दिसणारा. आमच्याकडे मे महिन्यात आगोटीची खरेदी असते. पावसाचे चार महिने बाहेर पडायची सोय नसते म्हणून मीठ-मिरचीपासून सुक्या मासळीपर्यंत सगळं भरून ठेवायचं. तेव्हा शहापूरच्या नि मुरबाडच्या बाजारात सुक्या जवळ्याच्या टोपल्यांची रांग लागते. सरांनी ती रांग पहिल्यांदा बघितली आणि त्यांचा जन्म मार्गी लागला. "मला समुद्राकडे जाता येत नाही," म्हणायचे, "पण तो दर मे महिन्यात टोपलीत बसून माझ्याकडे येतो."

तेव्हापासून दर साली बाजारात त्याच मावशीकडून एक माप जवळा. मावशी कोळीण, किनाऱ्यावरून माल घेऊन येणारी, आवाज असा की दोन टोपल्या पलीकडचं गिऱ्हाईक ओढून आणील. सर टोपलीसमोर उकिडवे बसायचे आणि विचारायचे, "मावशी, आपल्याच दर्याचा ना?"

"आपलाच रे मास्तरा! कालपरवाचाच!"

मग तो जवळा प्रयोगशाळेत भिजवायचा, फुगला की एकेक नग सूक्ष्मदर्शकाखाली. कोणती जात किती, आत चुकून आलेले दुसरे जीव कोणते. सगळं वहीत. वहीवर नाव: जवळ्याची हजेरी. मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा पंधरा वह्या झालेल्या. पंधरा आगोटी. त्या वह्यांखेरीज त्या माणसाने आयुष्यात काही जमवलं नव्हतं. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि त्या वह्या, वाळवी लागू नये म्हणून कडुलिंबाच्या पाल्यात.

पंधरावी वही माझ्या प्रोजेक्टची. आणि त्या सालच्या जवळ्यात जातच वेगळी निघाली. एखाददुसरा नग नाही, मुठीमागून मुठी. सरांनी तीनदा बघितलं, मला दहादा बघायला लावलं. ही जात आपल्याकडची नाही, दक्षिणेकडची. ती आपल्या किनाऱ्याला दिसते याचा अर्थ समुद्र सरकला! पाणी तापलं आणि बिऱ्हाड उत्तरेला आलं! सरांनी सगळ्या स्टाफरूमला चहा पाजला, गाळणी स्वतःची. मुंबईतल्या एका परिसंवादाला निबंधाचा गोषवारा पाठवला आणि माझं नाव आधी घातलं, स्वतःचं नंतर. तोवर माझं नाव फक्त रेशनकार्डावर नि दहावी-बारावीच्या मार्कशीटवर छापलेलं. बापाने गावभर सांगितलं की पोरीने समुद्र हलवला.

उरलेला पाव किलो जवळा मी घरी नेला. शास्त्राचं काम झालं होतं, आता आईचं. आईने कांद्यावर परतला, भाकरीबरोबर पहिला घास घेतला आणि चावायची थांबली.

"ह्यो कुठून आनलास गो?"

"मावशीकडून. बाजारातून."

"ह्यो आपला नाय."

"आई, मी मायक्रोस्कोपखाली बघितलाय."

"मंग? मी तोंडात घातलाय. ह्याला मीठ लावलंय, रेतीवर सुकवलाय. आपल्याकडं मीठ लावतात का? ह्यो लांबून आलाय, गाडीत बसून."

मी दोन दिवस गप्प बसले. लपवत नाही. आई शाळेत गेलेली नाही, तिला काय कळतं, असं मी मनात म्हणून पाहिलं. मी! पण सरांनी वहीच्या प्रत्येक पानाखाली एक ओळ छापून घेतली होती: "हा नमुना कुठून आला ते मला माहीत आहे." त्याखाली विद्यार्थ्याने सही करायची. चौदा पानांवर मी डोळे झाकून सही केलेली. पंधराव्या पानावर पेन टेकलं, आणि दातांखाली रेती लागली. सरांना सांगितलं.

सर भडकले. इतके की सुतळी सैल झाली. "तुझी आई वर्गीकरणशास्त्र शिकली आहे का?"

"नाय सर. पण तुमच्याआधीपासून जवळा खाते."

एका वर्षाचा प्रश्न नव्हता तो. हा माल लांबचा असेल, तर आधीच्या चौदा सालांचा कुठला होता? ते कोण सांगणार? मला माझ्या छापील नावाची पडलेली, त्यांच्या सगळ्या वह्या पणाला लागलेल्या.

"चाचणी घेऊ," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी सर आमच्या घरी आले, पिशवीत डबे. आमच्या ओटीवर सात वाट्या मांडल्या. वेगवेगळ्या ठिकाणांहून ओळखीच्या लोकांकडून, नक्की कुठला ते लिहून आणलेला जवळा, कोरडा भाजून. आईने डोळ्यांवर पदर बांधला. अख्खी आळी कुडावरून बघत होती. बाप घाबरून परसात गेला.

"हा आपला," आई म्हणाली. पुढची वाटी. "हा रेतीवरचा." पुढची. "हापन आपला, पन जुना, मागच्या सालचा." सर लिहीत होते. सहाव्या वाटीला आईने तोंड वाकडं केलं. "मास्तर, ह्याच्यात दोगांची भेळ केलीय तुमी."

सरांनी खरंच केली होती. मला पण सांगितली नव्हती.

सातपैकी सात. आईने पदर सोडला, चूळ भरली आणि विचारलं, "आता जेवताव का? का वहीच खाताव?"

सर जेवले. दोन भाकऱ्या.

दुसऱ्या दिवशी मी आणि सर बाजारात. सर मावशीच्या टोपलीसमोर उकिडवे बसले. "मावशी, तुम्ही मला फसवलंत."

"मी?" मावशीचा आवाज पुढच्या गल्लीत गेला. "मास्तरा, तू काय विचारतोस? आपलाच ना? मी म्हनते आपलाच. गिऱ्हाईकाला जे ऐकायचं ते मी बोलते. कुठला, असं तू कवा विचारलंस?"

सरांनी आम्हाला तीन वर्षं घासून शिकवलेलं, प्रश्नात उत्तर घालून विचारू नका. आणि स्वतः पंधरा सालं घालून विचारत आले.

"बरं. माल कुठला?"

"खालचा. लांब खालून टेम्पोनं येतो. आपल्याकडं ह्या साली लागलाच नाय, तर मी काय रिकामी टोपली घेऊन बसू?"

सर एकदम ताठ झाले. "लागलाच नाही?"

"जाळ्यात पानीच येत होतं."

सरांनी खिशातली गाळणी काढून बाजूला ठेवली आणि लिहायला घेतलं. दुपारपर्यंत आम्ही तिथे. मावशीला प्रत्येक साल आठवत होतं, आकड्याने नाही, तिच्या हिशोबाने. थोरलीच्या लग्नाच्या साली भरपूर, आपलाच. नवरा पडून पाय मोडला त्या साली अर्धा खालचा. मधल्याला नोकरी लागली तेव्हा आपला, पण उशिरा. गिऱ्हाईक आलं की ती जवळा मापायची आणि तोंडाने सरांना साल सांगायची. एका बाईने विचारलं, "मावशी, आपलाच ना?" मावशी सरांकडे बघून म्हणाली, "आपलाच गो!" सरांनी डोक्याला हात लावला.

पंधरापैकी सहा वह्या बाद झाल्या. सरांनी स्वतःच्या हाताने लाल रेघा मारल्या. नऊ उरल्या. आणि सगळ्यांत एक नवा रकाना आला: "स्थानिक जवळा लागला का?" मला म्हणाले, "टोपलीत जे आलं ते मी मोजत बसलो. जे आलं नाही त्याची हजेरी कधी घेतली नाही." परिसंवादाला पत्र पाठवलं, दोन ओळींचं: "समुद्र सरकल्याचा पुरावा मागे घेत आहे. टेम्पो सरकला होता." माझं छापील नाव गेलं. मी एसटीत रडले, कबूल करते.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. सफारी, सोन्याचा चष्मा. माझी वही चाळता चाळता एका रकान्यावर थांबले.

"पडताळणीचं साधन: आई. हा विनोद आहे का?"

"नाही सर. सातपैकी सात. मायक्रोस्कोपला जात कळते, तिला गाव कळतं."

"आणि निष्कर्ष?"

"मावशी सांगते, त्या साली आपल्याकडे जवळा लागला नाही. का, ते एका वर्षात सिद्ध होत नाही. अजून मोजावं लागेल."

"मग तुम्ही वर्षभर काय केलंत?"

"सहा चुकीच्या वह्या कापल्या सर. त्या तशाच राहिल्या असत्या."

ते सरांकडे बघायला लागले. सर कोपऱ्यात त्यांच्यासाठी आणलेलं पाणी गाळत होते.

पास झाले. फार वरच्या नंबराने नाही. पण पदवीच्या ज्या मार्कशीटवर माझं नाव छापलं, ती बापाने देवघरात ठेवली, गणपतीच्या शेजारी, आणि गणपतीला जरा सरकवलं.

आता मी मुरबाडला एका शाळेत विज्ञान शिकवते. सर निवृत्त होऊन घाटापलीकडे गेले, समुद्रापासून आणखी लांब. जाताना नऊ वह्या आणि पुढच्या कोऱ्या माझ्याकडे दिल्या. "समुद्राची हजेरी चुकवायची नाही," एवढंच म्हणाले, आणि गाळणी मात्र स्वतःकडे ठेवली.

या आगोटीला मी टोपलीसमोर उकिडवी बसले. "मावशी, माल कुठला?"

"अर्धा आपला, अर्धा खालचा. तुझी आय चावून बघनारच, कशाला खोटं बोलू?"

आईने चावला. मावशी खरं बोलली होती. मी रकान्यात लिहिलं: साधन, आई. पानाचा फोटो सरांना पाठवला. ते मेसेजला कधी उत्तर देत नाहीत, या वेळी दिलं: "साधनाचे दात पडायच्या आत दुसरे साधन तयार करावे."

आईला वाचून दाखवलं. तिने सात वाट्या मांडल्या आणि माझ्या डोळ्यांवर तिचा पदर बांधला. आळी कुडावर जमली. मी चावत गेले, सांगत गेले, आपला, खालचा, आपला. पदर सोडला तेव्हा आई बोटं मोजत होती.

"तीन बरोबर," ती म्हणाली. "नापास. परत चाव."